पोटगी बुडवू पाहणाऱ्या बापांना मार्गदर्शन

मुलाची पोटगी थकलीय? घाबरू नका. तो अठराचा होईपर्यंत कळ काढा, तुमचं घोडं गंगेत न्हालंच म्हणून समजा. परवा कोर्टाच्या व्हरांड्यात समोरचे वकील मला हसत म्हणाले, "मॅडम, मुलगा सज्ञान झाला ना? आता कसली पोटगी?" इतकी मोलाची विद्या तुमच्यापर्यंत पोचायलाच हवी.

बेलिफ समन्स घेऊन आला की घरात असूनही गावाला गेलेलं असावं.

'देणार नाही' असं कधी म्हणू नये. 'पुढच्या महिन्यात एकदम देतो' म्हणावं. फौजदारी प्रक्रिया संहितेचं पूर्वीचं पोटगीचं कलम 125, म्हणजे 1 जुलै 2024 पासूनचं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं 144, त्याखाली वॉरंट हवं तर रक्कम थकल्यापासून वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. बाई शब्दावर विसंबली की जुने महिने हातचे गेले. ती भोळी, तुम्ही सज्जन.

उत्पन्नाचं काय? 2020 साली रजनेश विरुद्ध नेहा खटल्यात सुप्रीम कोर्टानं उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र सक्तीचं केलं. करू दे. 'बेरोजगार, आईवडिलांवर अवलंबून' असं लिहून मोकळं व्हायचं. गाडी भावाची, फ्लॅट आईचा, दुकान मेव्हण्याचं, आणि स्टेटसवर लोणावळ्याच्या रिसॉर्टमध्ये पाय पसरून बसलेले मात्र तुम्हीच! क्लासच्या फीची पावती पाठवली की दोन निळ्या खुणा येतात, पैसे येत नाहीत. वर तारखेला सांगायचं, बाई कमावते की! कमावते, कारण तुम्ही देत नाही. नाहीतर मुलानं काय तुमचं प्रतिज्ञापत्र खायचं होतं?

तुरुंगाचं नाव निघालं तर 'जाऊन येतो' म्हणावं. मात्र आत बसल्यानं देणं फिटत नाही, असं सुप्रीम कोर्टानं कुलदीप कौर खटल्यात सांगून ठेवलंय. त्या हसऱ्या वकिलांना विचारा.

पुरे झाल्या युक्त्या. धडधाकट मुलगा अठराचा झाला की पुढची पोटगी थांबते, मागची माफ होत नाही. माझा वसुलीचा अर्ज मुदतीत दाखल आहे आणि त्यानंतर थकलेले महिनेही मी त्याच अर्जात मागणार आहे. दहावीच्या क्लासची फी मी पतपेढीचं कर्ज काढून भरली. पतपेढीनं व्याजासकट हप्ते घेतले, मुलगा केवढा झाला हे कधी विचारलं नाही. आणि तुम्ही, जन्मदाते बाप, त्याचे वाढदिवस मोजत बसलात? शुभेच्छा द्यायला नव्हे, सुटायला! लाज वाटू द्या जरा. थकलेले पैसे भरा.