काकूंची झोपेची गोळी आजच बंद करू नका

काका, तुमची प्रतिक्रिया वाचली. गोळीची सवय लागते हे मीच लिहिलं, मग ‘लगेच बंद करू नका’ हेही मीच कसं सांगते, असा तुमचा सवाल. तुम्ही तंबाखू एका दिवसात सोडलीत, तशी काकूंनीही मन घट्ट करून आजपासून अल्प्राझोलम सोडावी, असं तुमचं म्हणणं.

हात जोडून सांगते, असं करू नका. तंबाखू सुटताना माणूस चिडतो, तळमळतो, पण त्यानं फिट येत नाही. वर्षानुवर्षं रोज घेतलेली ही गोळी एकदम थांबवली तर येऊ शकते. मेंदूला शांत ठेवणाऱ्या गाबा या रसायनाचं काम ती वाढवते. मेंदू हळूहळू तिला धरूनच आपला तोल बसवतो. ती अचानक गेली की हात थरथरतात, छाती धडधडते, झोप उडते. अल्प्राझोलमचा अंमल लवकर उतरतो, त्यामुळे त्रास एक-दोन दिवसांतच सुरू होतो. घरच्यांना वाटतं जुना आजार उलटला, आणि ‘तुझंच मन कच्चं’ हे त्या बाईनं ऐकून घ्यायचं! याचा मला मनापासून राग येतो.

इथे इंदूरला रामबागेत आमच्या मेडिकलवर अशीच गोळी हळूहळू सोडणाऱ्या एक आजी येतात. डॉक्टरांनी डोस कमी केला की सूनबाई कॅलेंडरवर त्या तारखेला गोल करते आणि खाचेवरून गोळीचे तुकडे करून डबीत ठेवते. दिवाळीत घर पाहुण्यांनी भरलं, आजींची झोप गेली; डॉक्टर म्हणाले, महिनाभर आहे तोच डोस राहू द्या. मागे नाही, पुढेही नाही. याला मी निर्धार म्हणते.

अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या २०२५ च्या मार्गदर्शक सूचनाही दर दोन ते चार आठवड्यांनी ५ ते १० टक्के कपातीपासून सुरुवात करा, असंच सांगतात.

गोळी सुटायला हवी, यात आपलं दुमत नाहीच. काकूंच्या वयात रात्री उठताना तोल जाऊन पडण्याची भीती असते, विसरायलाही होतं. म्हणून याच आठवड्यात त्यांना डॉक्टरांकडे न्या. स्ट्रिप सोबत ठेवा, किती वर्षं चालू आहे ते सांगा, बाकीच्या गोळ्याही दाखवा. नावापुढे ‘एसआर’ (म्हणजे पोटात औषध हळूहळू सोडणारी गोळी) असेल तर गोळी मोडू नका. तोवर रात्रीचा डोस चुकवू नका, आणि फिट आली किंवा काकू असंबद्ध बोलू लागल्या तर सकाळची वाट न पाहता सरळ हॉस्पिटल गाठा.