वीरगळ नोंदवला म्हणून कुणाची जागा जात नाही

ग्रामसभेत कुणी बारव (पायऱ्यांची जुनी विहीर), वीरगळ (लढताना मेलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड), जुनी वेस यांची यादी करू या म्हटलं की गावाच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो. शब्द बदलतात, आशय तोच: गावातल्या जुन्या वास्तूंची नोंद होऊ देऊ नका. यादीत नाव गेलं की पुरातत्त्व खातं जागा घेतं, तीनशे मीटरात वीट लावता येत नाही, देवळातली पूजा बंद होते. ग्रामपंचायतीला तसाही यात अधिकार नाही. वीरगळ म्हणजे पडीक दगड. त्यापेक्षा वर्गणी काढून आपणच जीर्णोद्धार करू.

यातल्या काही मुद्द्यांत तथ्याचा अंश आहे, म्हणूनच मेसेज चालतो. एकेक घेऊ.

“यादीत नाव गेलं की खातं जागा घेतं”

इथे दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ आहे. ग्रामपंचायतीने केलेली नोंद ही एक आणि ‘संरक्षित स्मारक’ म्हणून सरकारने काढलेली अधिसूचना ही दुसरी. पहिलीतून दुसरी आपोआप होत नाही. केंद्राच्या १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्याखाली एखादी वास्तू राष्ट्रीय महत्त्वाची ठरवायची, तर आधी दोन महिन्यांची सूचना काढावी लागते, तिची प्रत वास्तूजवळ ठळक जागी लावावी लागते आणि त्या मुदतीत हितसंबंधी माणसाला हरकत घेता येते. हरकतींचा विचार झाल्यावरच अंतिम अधिसूचना निघते. राज्याचा १९६० चा स्वतंत्र कायदा आहे, त्याचीही रीत सूचना-हरकतीचीच.

अधिसूचना निघाली तरी मालकी बदलत नाही. देखभालीबाबत मालकाशी करार करण्याची तरतूद कायद्यातच आहे. जागा संपादन करायची तर ती वेगळी प्रक्रिया आणि तिला मोबदला. नमुना २२ मध्ये, म्हणजे ग्रामपंचायतीच्या स्थावर मालमत्तेच्या नोंदवहीत, लिहिलेल्या एका ओळीने यातलं काहीच घडत नाही.

“तीनशे मीटरात वीटही लावता येत नाही”

हा मुद्दा सगळ्यात जास्त घाबरवतो. २०१० च्या दुरुस्तीने संरक्षित हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र ठरलं. पण हे केंद्र संरक्षित स्मारकांना लागू आहे. तुमच्या वेशीबाहेरच्या नुसत्या नोंदवलेल्या वीरगळाला नाही. राज्य संरक्षित स्मारक असेल तर तिथे काय चालतं आणि काय नाही, हे राज्य पुरातत्त्व संचालनालयाकडून लेखी मागवून घ्यावं. ग्रुपवर विचारू नये.

आणि जिथे नियम लागू आहे तिथेही ‘वीटही नाही’ हे खरं नाही. २०० मीटरच्या पट्ट्यात परवानगीने बांधकाम होतं. १०० मीटरच्या आत नवं बांधकाम किंवा पाडून पुन्हा बांधणं होत नाही, पण १६ जून १९९२ पूर्वीपासून असलेल्या घराच्या दुरुस्तीसाठी अर्ज करता येतो. सार्वजनिक पाणीपुरवठा, गटारं, वीज यांची कामं तर कायद्याने ‘बांधकाम’ या व्याख्येतूनच वगळली आहेत. परवानग्यांना वेळ लागतो आणि शंभर मीटरच्या आत घर असलेल्या कुटुंबाची अडचण होते. ती तक्रार रास्त आहे. पण ती गावाच्या यादीविरुद्धची तक्रार नव्हे.

“पूजा बंद होते”

त्र्यंबकेश्वर आणि अंबरनाथ ही दोन्ही देवळं केंद्र संरक्षित आहेत. दोन्हीकडे रोज पूजा होते, श्रावणात रांगा लागतात. पुढच्या मुद्द्याकडे जाऊ.

“ग्रामपंचायतीला अधिकारच नाही”

संरक्षित स्मारक घोषित करण्याचा नाही, हे बरोबर. पण ७३ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवण्याच्या २९ विषयांत सांस्कृतिक कार्य आणि सामूहिक मालमत्तेची देखभाल हे दोन्ही विषय आहेत. पंचायतीच्या जागेतली बारव, चावडी, वेस ही तिची मालमत्ताच आहे, आणि मालमत्ता नोंदवायला कुणाची परवानगी लागत नाही. जुन्या देवराईसाठी तर आणखी एक वाट आहे: ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि तिची लोकजैवविविधता नोंदवही. सिंधुदुर्गातल्या हेवाळे-बांबर्डेच्या रानजायफळाच्या राईला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला आहे.

अधिकार आहे, पण नोंद बहुतेक ठिकाणी इतकी कच्ची असते की वेळेला उपयोगी पडत नाही. ‘मारुतीच्या देवळाजवळ जुने दगड, नग ५’ याला नोंद म्हणत नाहीत. एका वास्तूला एक पान हवं, आणि त्यावर इतकं तरी:

गावातलं चालू नाव, कारण पुस्तकी नावाने कुणी पत्ता सांगत नाही. जागेचा हक्क: गावठाणात असेल तर मिळकत पत्रिका किंवा नमुना ८, बाहेर असेल तर सातबारा, देवस्थान न्यासाचं असेल तर धर्मादाय कार्यालयातलं परिशिष्ट १. स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणाची मोजणी झाली असेल तर त्या नकाशावर वेस आणि चावडी कुणाच्या नावावर पडली आहे, हे आधी बघा. मग अक्षांश-रेखांश, दशांश चिन्हापुढे पाच अंकांपर्यंत. चारच अंक घेतले तर चूक दहा-अकरा मीटरपर्यंत जाऊ शकते, आणि एका पारावर आठ वीरगळ असतील तर आठही नकाशावर एकाच ठिपक्यात बसतात. दगडाची उंची-रुंदी-जाडी, जमिनीत पुरलेला भाग मोजता येत नाही, म्हणून ‘जमिनीवरील उंची’ असं स्पष्ट लिहावं. तोंड कोणत्या दिशेला आहे ते. चारही बाजूंचे फोटो, त्यातला एक तरी टेप लावून.

लेख कोरलेला असेल तर अक्षरांत खडू, पीठ किंवा तेल भरू नये. खडू भरणारा माणूस त्याला दिसलेली रेघ ठळक करतो, न दिसलेली बुजवतो, आणि पुढचा वाचणारा त्या अंदाजालाच अक्षर समजतो. संध्याकाळी अंधार पडताना एका बाजूने, दगडाला जवळजवळ समांतर टॉर्च धरा. उथळ अक्षरंही सावलीने उठून येतात. मग टॉर्च दुसऱ्या बाजूला नेऊन पुन्हा फोटो. तज्ज्ञ ओल्या कागदाचा ठसा घेतात, ते काम त्यांच्यासाठी ठेवावं.

शेवटी धोका: रस्ता रुंदीकरणाच्या आखणीत आहे, पाइपलाइनच्या चराजवळ आहे, पिंपळ उगवलाय, वगैरे. ही ओळ बहुतेक नमुन्यांत नसते, आणि कामाची तीच असते.

यादी ग्रामसभेत मांडायची. गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातली कमी संख्या. ठरावात ‘गावातील पुरातन वास्तू जपण्यात याव्यात’ असं मोघम लिहिलं तर रस्त्याच्या ठेकेदाराला दाखवायला हाती काही राहत नाही. यादी अनुक्रमांकासह ठरावाला जोडा आणि प्रत गटविकास अधिकारी, तहसीलदार, बांधकाम विभाग आणि पुरातत्त्वच्या विभागीय सहायक संचालकांना पोच घेऊन द्या. सुट्या, हलवता येणाऱ्या मूर्तींची नेमकी जागा मात्र जाहीर फलकावर किंवा फेसबुकवर टाकू नका.

या यादीने काय होत नाही, तेही सांगायला हवं. खासगी वाड्याचा मालक वाडा पाडायला निघाला तर ग्रामसभेचा ठराव त्याला कायद्याने अडवू शकत नाही. त्यासाठी राज्य संरक्षण किंवा १९६६ च्या नगररचना कायद्याखालच्या प्रादेशिक योजनेत वारसा म्हणून नोंद लागते. यादी त्या मागणीचा पहिला कागद आहे, एवढंच.

“वीरगळ म्हणजे पडीक दगड”

अलिबागजवळच्या आक्षीला असाच एक दगड रस्त्याकडेला दुर्लक्षित होता. वर चंद्र-सूर्य, मध्ये लेख, खाली गाढवावरून दिलेली शापवाणी. अशा दगडाला गद्धेगाळ म्हणतात. त्यावरचा काळ शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२ असा वाचला गेला. वाचनावर मतभेद आहेत, तरी मराठीच्या सर्वांत जुन्या शिलालेखांत तो धरला जातो. सोलापूर जिल्ह्यातल्या हत्तरसंग-कुडलच्या संगमेश्वर देवळातल्या तुळईवर शके ९४० चा लेख आहे. हे वाचील तो विजयी होईल, अशा अर्थाची त्यात मराठी ओळ आहे. दोन्ही जागा खेड्यांतल्याच.

गद्धेगाळ हा मुळात दानाचा कागद असतो: दिलेली जमीन किंवा उत्पन्न जो मोडेल त्याला ही शिवी. जागा जाईल या भीतीने मेसेज फिरवणारे जमिनीचा सगळ्यात जुना दस्त नाल्यात ढकलतायत, हा विनोद कुणाच्या लक्षात येत नाही.

वीरगळ खालून वर वाचायचा. तळाला पडलेला वीर, कधी बाजूला गाई, म्हणजे तो गोधन सोडवताना मेला. त्यावर लढाई, मग अप्सरा त्याला वर नेताना, सर्वांत वर शिवलिंगाची पूजा. बांगड्या भरलेला, कोपरात वाकलेला हात दिसला तर ती सतीशिळा. तळाची चौकट जमिनीत गेली की कशासाठी मेला तेच जातं. म्हणून ‘पारावर नीट बसवू’ म्हणत अर्धा दगड काँक्रीटमध्ये गाडू नये. हलवणं अटळच असेल तर मूळ जागा आणि दिशा आधी नोंदवा, खाली खडी-वाळूचा थर द्या म्हणजे पाणी तुंबणार नाही, आणि कोरीव भाग पूर्ण वर राहील एवढाच दगड आत घ्या.

दगडांपेक्षाही दुर्लक्षित म्हणजे पांढरी. जुन्या वस्तीच्या टेकाडाची माती घराच्या धाब्यावर टाकायला नेणं ही जुनी सवय, आता ट्रॅक्टरने होते. त्या मातीत खापरं, मणी, चुली असतात. ज्याच्या नावाने ताम्रपाषाण युगातली एक अख्खी संस्कृती ओळखली जाते ते जोर्वे हे असंच एक गाव.

“आपणच जीर्णोद्धार करू”

गावाने पुढाकार घ्यावा, पण कसा, ते महत्त्वाचं. दुर्लक्षाने जेवढं जात नाही तेवढं या जीर्णोद्धाराने जातं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

नेहमीचा क्रम ठरलेला असतो: दरजा सिमेंटने भरणे, भिंतींना ऑइल पेंट, गाभाऱ्यात टाइल्स. जुनी भिंत पावसाळ्यात ओलावा घेते आणि उन्हाळ्यात सोडते. सिमेंट दगडाभोवतीच्या चुन्यापेक्षा कडक आणि बंदिस्त. ओलावा सांध्यातून निघायचा तो दगडातून निघायला लागतो, सोबत क्षार आणतो, क्षार पृष्ठभागाखाली स्फटिक होऊन फुगतात आणि दगडाची साल सुटते. जांभ्यात आणि विटांत हे लवकर दिसतं, काळ्या पाषाणात उशिरा. पेंटचा थरही ओल अशीच कोंडतो. मग तो पेंट काढायला कुणीतरी वाळूचा मारा किंवा ॲसिड सुचवतं, आणि देवतेचे दागिने, लेखाची अक्षरं त्या रंगासोबत उतरतात. धूळ-शेवाळासाठी साधं पाणी आणि मऊ ब्रश पुरतो. तारेचा ब्रश नको.

आधी बांधणी ओळखा. ज्यांना हेमाडपंती म्हणतात त्या बऱ्याच देवळांत दगडावर दगड कोरडेच बसवलेले आहेत. तिथे सांध्यांत काहीही भरायचं नाही. चुन्याची बांधणी असेल तर दुरुस्ती चुन्यानेच: कळीचा चुना विरवून किमान दोन-तीन आठवडे पाण्याखाली ठेवायचा, गाळायचा, एक भाग चुना आणि तीन भाग धुतलेली, खारी नसलेली वाळू. ओल असेल तिथे सुरखी, म्हणजे विटांची भुकटी. सांधा रुंदीच्या निदान दुप्पट खोल साफ करून, भिजवून भरायचा आणि आठ-दहा दिवस ओल्या गोणपाटाखाली ठेवायचा. उन्हात घाईने वाळवलेला चुना भुकटी होऊन गळतो, आणि गवंडी म्हणतो, “बघा, चुना टिकत नाही.”

पिंपळाचं रोप बोटाएवढं असेल तोवरच उपटावं. मुळं सांध्यांत गेल्यावर ओढलं तर दगड घेऊनच येतं. मोठं झाड कापून बुंध्याच्या ताज्या कापावर लगेच तणनाशक लावावं आणि मुळं आतच मरू द्यावीत.

बारवेचं पाणी एका दिवसात उपसणं ही सगळ्यात महाग पडणारी हौस. भिंतीमागची माती पाण्याने भरलेली असते. आतला पाण्याचा आधार एकदम काढला की ती भिंतीला आत ढकलते. रोज फूट-दोन फूट पातळी उतरवा, फुगवटा दिसला तर थांबा. जेसीबी काठापासून दूर ठेवा, शेवटचा गाळ माणसांनी काढावा. गाळात विषारी वायू असू शकतो. कंदील विझला तर उतरायचं नाहीच, पण विझला नाही म्हणजे सुरक्षित असंही नाही. गाळ चाळून टाका. जमिनीत दडलेली दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं १८७८ च्या कायद्याने आजही बंधनकारक आहे.

आणि एक गोष्ट मेसेजमध्ये येतच नाही: चोरी. देवळातली मूर्ती चोरण्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०५ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण फिर्यादीत ‘काळ्या दगडाची जुनी मूर्ती’ एवढंच लिहिलं असेल आणि ना फोटो, ना मापं, तर परजिल्ह्यात पकडलेल्या टेम्पोतल्या सहा मूर्तींपैकी आपली कोणती, हे पोलिसांना सांगायचं कशावरून?