ठिपक्याचं नाणं लाखाला जात नाही
परभणी-नांदेडकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज फिरतोय: वर्षाखाली ठिपका किंवा चांदणी असेल तर ते नाणं चुकून छापलंय, फोटो पाठवा, लाख रुपये घ्या. साफ खोटं आहे. ती टाकसाळीची खूण आहे. ठिपका नोएडाचा, चांदणी हैदराबादची, शंकरपाळीसारखी खूण मुंबईची. कोलकात्याच्या नाण्यावर खूणच नसते. खरोखर चुकून छापलेल्या नाण्यात, उदाहरणार्थ, ठसा सरकलेला असतो: एका कडेला कोरी पट्टी उरते, समोरची अक्षरं अर्धी कापली जातात. असं सापडलं तर घासू नका, फ्लॅश बंद ठेवून बाजूच्या उजेडात दोन्ही बाजूंचे फोटो घ्या. आणि आधी ‘नोंदणी फी’ मागणाऱ्याला रुपयाही देऊ नका. अशा व्यवहारांशी आपला संबंध नाही, हे रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्येच स्पष्ट केलंय.