हात म्हणजे बॅट नव्हे

गेल्या शनिवारी एका मुलीचे बाबा माझ्यावर इतके ओरडले की शेजारच्या ग्राउंडवरचा खेळ थांबला. बारा वर्षांखालच्या मुलींचा सॉफ्टबॉल होता, वर्ल्ड सिरीज, म्हणजे अमेरिकन बेसबॉलची फायनल नव्हे. नवीन मित्रमंडळींसाठी सांगते, मी ओहायोत राहते, आठवडाभर कॉम्प्युटरसमोर बसते आणि शनिवारी-रविवारी अंपायरिंग करते. इथे अंपायरला नावाने कोणी हाक मारत नाही. निळ्या शर्टामुळे सगळे 'ब्लू' म्हणतात.

तर दोन स्ट्राइक झाले होते. मुलीने बॅट फिरवली, बॉल आत आला, तिच्या बोटांवर आदळला आणि पुढे घरंगळत गेला. मी डेड बॉल दिला, म्हणजे खेळ तिथेच थांबवला. तिसरी स्ट्राइक, आउट. आधी बोटं तपासली, सुदैवाने काही झालं नव्हतं. तेवढ्यात बाबा जाळीला लटकले: "हात बॅटचाच भाग असतो, ब्लू! फाउल आहे, फाउल!" फाउल म्हणजे बॅटला लागून रेषेबाहेर गेलेला बॉल, त्यावर ती आउट झाली नसती.

नसतो हो. बॅट दुकानातून आली, बोटं मुलीची आहेत. बॅट फिरवताना बॉल हाताला लागला तर तो अंगालाच लागला. बॉल तिथेच डेड आणि वर स्ट्राइक. बेसबॉलमध्ये हेच, सॉफ्टबॉलमध्येही हेच. 'हात बॅटचा भाग' असं वाक्य नियमांच्या पुस्तकात नाही. मग बाबांना हे शिकवलं कुणी? टीव्हीने. वर्षानुवर्षं मोठ्या लीगमध्ये खेळून आलेल्या माणसाच्या तोंडून, कॉमेंटरी बॉक्समधून, हेच वाक्य मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय.

मी सॉफ्टबॉल शिकले जळगाव जिल्ह्यातल्या शाळेत. पीटीच्या सरांनी नियम वहीत उतरवून घेतले होते आणि पाढ्यांसारखे म्हणून घ्यायचे. टीव्हीवर हा खेळ आम्हाला कधी दिसलाच नाही. तेव्हा त्याचं वाईट वाटायचं, आता वाटतं बरंच झालं.

सगळ्यात जास्त माती होते ती इन्फिल्ड फ्लायची. क्रिकेटवाल्यांसाठी सांगते. झेल घेतला तर बेसवरच्या रनरला आपल्या बेसवर परतावं लागतं, झेल सुटला तर पुढे पळावं लागतं. म्हणजे जवळचा सोपा झेल फिल्डरने मुद्दाम सोडला तर रनर मधल्यामध्ये अडकतो आणि एकाऐवजी दोन आउट मिळतात. ही लबाडी थांबवायला १८९०च्या दशकात नियम आला. दोनपेक्षा कमी आउट असताना पहिल्या-दुसऱ्या बेसवर, किंवा तिन्ही बेसवर रनर असतील, आणि इन्फिल्डरला, म्हणजे बेसजवळच्या फिल्डरला, सहज घेता येईल असा झेल उडाला, तर बॅटर आउट. मग झेल घ्या नाहीतर सोडा.

५ ऑक्टोबर २०१२, अटलांटा. बेसबॉलची मॅच, ब्रेव्ह्ज विरुद्ध कार्डिनल्स, हरेल तो घरी. आठव्या इनिंगमध्ये सिमन्सने उडवलेला बॉल पार डाव्या आउटफिल्डमध्ये, म्हणजे बेसच्या मागच्या गवतात गेला, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला इन्फिल्डर) कोझमा मागे पळत त्याच्याखाली पोहोचला, ऐन वेळी बाजूला झाला आणि बॉल गवतावर पडला. अंपायर सॅम होलब्रुक यांनी इन्फिल्ड फ्लाय दिला होता. प्रेक्षकांनी बाटल्यांचा पाऊस पाडला, खेळ जवळपास वीस मिनिटं बंद. तेव्हापासून ती क्लिप लागली की हटकून एकच प्रश्न येतो: आउटफिल्डमध्ये इन्फिल्ड फ्लाय कसा काय? अहो, नियम बॉल कुठे पडला ते विचारतच नाही. इन्फिल्डरला तो सहज घेता आला असता का, एवढंच विचारतो. होलब्रुक यांचा हात फार उशिरा वर गेला म्हणा, मीही म्हणेन. बॉल सहज घेण्यासारखा नव्हता म्हणा, त्यावर रात्रभर वाद घालू. पण पहिलाच प्रश्न चुकीचा असेल तर घरी बसलेला माणूस काय शिकणार?

पुढच्याच वर्षी, २६ ऑक्टोबर २०१३ला, वर्ल्ड सिरीजची तिसरी मॅच ऑब्स्ट्रक्शनवर, म्हणजे फिल्डरने रनरची वाट अडवण्यावर संपली. बॉल अडवायला झेपावलेला बोस्टनचा मिडलब्रुक्स तिसऱ्या बेसजवळ आडवा पडला होता, सेंट लुइसचा क्रेग त्याला अडखळला, अंपायरने ऑब्स्ट्रक्शन दिलं, क्रेगची रन धरली आणि तीच विजयी रन ठरली. 'पण त्याने मुद्दाम केलं नाही!' हे वाक्य मी अजून ऐकते. ऑब्स्ट्रक्शनला मुद्दाम असावं लागतच नाही. बॉल हातात नाही आणि तुम्ही वाटेत आहात, संपलं.

टप्पा पडून कुंपणाबाहेर गेलेल्या बॉलवर बॅटरला दोन बेस मिळतात, त्याला सर्रास 'ग्राउंड रूल डबल' म्हणतात. तो नियम सगळ्या मैदानांना सारखाच, पुस्तकातला. ग्राउंड रूल म्हणजे त्या त्या मैदानाचा, जसा शिकागोच्या रिग्ली फिल्डला भिंतीवरच्या वेलीत अडकलेल्या बॉलचा. हे मात्र मी सोडून देते, त्याने कुणी माझ्यावर ओरडत नाही.

सॉफ्टबॉलची तर सावत्र लेकरासारखी गत. बेसबॉलचा माणूस माइकवर आला की डीपीला (डेझिग्नेटेड प्लेअर, सॉफ्टबॉलमध्ये दुसरीच्या जागी बॅटिंग करणारा खेळाडू) डीएच (डेझिग्नेटेड हिटर, बेसबॉलमध्ये पिचरच्या जागी फक्त बॅटिंग करणारा) म्हणणार. बेसबॉलमध्ये डीएच फिल्डिंगला उतरला की ती टीम डीएच गमावते. सॉफ्टबॉलमध्ये डीपी खुशाल फिल्डिंगला येतो, जिच्यासाठी तो असतो ती फ्लेक्स त्याच्या जागी बॅटिंगही करू शकते, आणि सुरुवातीला खेळलेल्या मुली बाहेर जाऊन एकदा परत येऊ शकतात. कोचची अर्धी अक्कल या उलाढालीत खर्च होते आणि बॉक्समधला गृहस्थ तेव्हा कुणाच्या तरी केसांच्या रिबिनींबद्दल बोलत असतो. मिशेल स्मिथ किंवा जेसिका मेंडोझा बोलतात तेव्हा फरक लगेच कळतो. दोघी ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकलेल्या सॉफ्टबॉलपटू.

पण उत्तम खेळलं म्हणजे नियम येतात असंही नाही. बहुतेक खेळाडू नियम डगआउटमध्ये ऐकून ऐकून शिकतात, परीक्षा कुणाचीच होत नाही. आमची होते. म्हणून माझं म्हणणं साधं आहे: बॉक्समध्ये एक निवृत्त अंपायर बसवा. अमेरिकन फुटबॉलमध्ये फॉक्स चॅनेलने २०१०मध्ये माइक परेरांना आणलं, ते त्या लीगच्या पंचांचे माजी प्रमुख. ॲपलने २०२२मध्ये शुक्रवारच्या बेसबॉलसाठी ब्रायन गॉर्मनना घेतलं, तेही मोठ्या लीगचे माजी अंपायर. बाकीच्यांना कसली अडचण आहे कळत नाही. खर्च म्हणाल तर बॅटर कितव्यांदा कुठल्या वाराला हिट मारतोय हे शोधणाऱ्या माणसाच्या पगाराएवढा.

मॅच संपल्यावर ते बाबा पार्किंगमध्ये आले. माफी वगैरे नाही, पण मोबाइलवर नियम शोधून आले होते. "बरं, हातांचं ठीक आहे," म्हणाले, "पण बेसवर बॉल आणि पाय एकदम आले, टाय झाला, तर रनर सेफ, हे तरी खरं ना?" तिथलं बेनिफिट ऑफ डाउट ते! मी म्हटलं, पुस्तकात ते वाक्यही नाही, आणि बेसजवळ उभं राहिलं की टाय दिसत नाही, बॉल आधी आला की पाय, ते दिसतं. ते काही न बोलता गाडीत बसले.

उद्या सकाळी आठला दहा वर्षांखालच्या मुलींचा गेम आहे. तिथे इन्फिल्ड फ्लायची काळजी नाही. सहज घेता येईल असा झेल त्या वयात जवळपास नसतोच.