बाप गोव्याला गेलाय म्हणे

बेळगाव-खानापूरकडच्या तीन व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर मला एकच मजकूर आला. सार असं: तुरुंगात गेलेल्यांना पोरांची काळजी असती तर गुन्हा केलाच नसता, आत फुकटचं जेवण, डोक्याला ताप नाही, कसलं डिप्रेशन? आणि पोरांना भेटीला नेऊच नका, बिघडतात.

'गुन्हा केलाच नसता.' केलाय हे ठरवलं कुणी? 2022 अखेर देशभरच्या तुरुंगांत 5,73,220 माणसं होती, त्यांतले 4,34,302 कच्चे कैदी. म्हणजे चारांतल्या तिघांचा निकालच लागलेला नाही. काहींना तर जामीन मंजूर झालाय, पण शेताचा उतारा घेऊन कोर्टात उभा राहणारा जामीनदार मिळत नाही.

'डोक्याला ताप नाही.' बंगळूरच्या परप्पन अग्रहार तुरुंगात निमहान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेने पाच हजारांवर कैदी तपासले. 2011 च्या त्या अहवालात व्यसनं वगळूनही 27.6 टक्के कैद्यांना मानसिक आजार निघाला. सगळा पोरांच्या ताटातुटीमुळे, असं मी म्हणणार नाही. ते खोटं होईल. पण घरी पोराला ताप आला तर आपण उठून डॉक्टरकडे जातो. आतल्या बापाला ते मुलाखतीत, म्हणजे घरचे तुरुंगात भेटायला आले की कळतं, तेही आठ दिवसांनी. पोरगं तोवर अंगणात खेळत असतं. बापाचा ताप त्या दिवशी सुरू होतो.

'लहान पोरं आईजवळ असतातच की', असंही कुणीतरी खाली लिहिलंय. असतात, सहा वर्षांची होईपर्यंत. बापाला तेवढंही नाही.

आता भेटीचं. खानापूरकडच्या एका घरात तिसरीतल्या पोराला सांगितलेलं, बाबा गोव्याला कामाला गेलाय. आमच्याकडे ते सहज खपतं, निम्मं गाव तिकडंच असतं. पोरगं रोज आज्जीला विचारायचं, "बाबा गोव्यासनं कवा येणार गं?" शेवटी शाळेतल्या एकानं खरं सांगितलं. मग घरातलं कुणी काही सांगितलं तरी त्याला पटेना. आज्जीनं हिंडलग्याच्या तुरुंगात भेटीला नेलं. आधी बराच वेळ ते गप्पच. मग ओठ वर करून पडलेला दात दाखवला. त्या रात्री रडलं, हेही खरं. भेट सोपी नसते. पण गोव्याचं विचारणं थांबलं, आणि पुढच्या मुलाखतीत बापानं खटल्याचं विचारायच्या आधी विचारलं, "नवा आला काय?"

मजकूर पुढे ढकलणाऱ्यांपैकी कुणाच्या ओळखीत असं घर असेल तर एवढं कळवा: जामीन होऊन आठवड्यात सुटका झाली नाही, तर तुरुंग अधीक्षकानं जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला, म्हणजे मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या सरकारी कार्यालयाला कळवायचं, असं सुप्रीम कोर्टानं 2023 मध्ये सांगितलंय. त्याच वर्षीच्या केंद्राच्या योजनेत गरीब कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी पैशांची मदत मिळू शकते, काही गंभीर गुन्हे सोडून. चौकशी त्या प्राधिकरणाच्या कार्यालयात करायची, वकिलाची फी लागत नाही.