रेंजच्या चार दांड्या आणि कुंभार्लीतली रात्र

आज सकाळी साडेअकराला मोबाइल कंपनीचा मेसेज आला. "आपली तक्रार सोडवण्यात आली आहे. आमच्या सेवेला 1 ते 5 गुण द्या." कोल्हापुरात गोडाऊनच्या दारात गाडी लावून मी खाली करायच्या नंबरची वाट बघत होतो. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. तक्रार काय, तर रात्रभर कुंभार्ली घाटात नेट चाललं नाही. काय सोडवलं यांनी? कुणी घाटात जाऊन बघितलं? तक्रार नोंदवून जेमतेम चार तास झाले होते.

झालं ते असं. लोट्याहून रंगाचे ड्रम भरले होते. ई-वे बिल, म्हणजे मालासोबत लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद, माल पाठवणाऱ्या पार्टीने सोमवारी काढून ठेवलं आणि गाडी भरून दिली मंगळवारी दुपारी. अंतर 200 किलोमीटरच्या आत, म्हणजे एक दिवसाची मुदत, म्हणजे मंगळवारी रात्री बारापर्यंत. तरी हिशेब बसत होता, अकराच्या आत कोल्हापूर गाठलं असतं. पायथ्याची पोफळी सोडली, कुंभार्ली घाट चढायला लागलो आणि साडेसातला पुढे वळणावर एका ट्रेलरचा ॲक्सल तुटला. रस्ता आडवा बंद. मागे पुढे गाड्याच गाड्या.

घाट तुंबतो, त्याचं मला नवल नाही. ॲक्सल कुणाचाही तुटतो. माझा राग आहे तो त्यानंतरच्या अकरा तासांवर.

मुदत संपायच्या आधी आठ तास आणि संपल्यावर आठ तास, एवढ्यातच बिल वाढवून घेता येतं. मी घेतलं वाढवायला. फोनवर चार दांड्या, वर 5जी लिहिलेलं. पोर्टल उघडेना. पांढरा पडदा आणि वर ती निळी रेघ, अर्ध्यावर येऊन थांबलेली. दुसरं सिम टाकलं. तीच रेघ. एकदा, नऊच्या सुमाराला, लॉगिन झालं. गाडी नंबर आला, कारण निवडलं, ठिकाण टाकलं, पिनकोड टाकला, उरलेलं अंतर टाकलं, सबमिट दाबलं आणि गोल गोल फिरत बसलं. सेशन संपलं. पुन्हा कॅप्चा, पुन्हा पासवर्ड, पुन्हा ओटीपी. 1 एप्रिल 2025 पासून ओटीपीशिवाय आत जाता येत नाही. लोक म्हणतात शील्ड ॲप टाक, त्यात नेटशिवाय ओटीपी मिळतो. अरे, टाकलंय! ओटीपी मिळतो हो, पण तो घालायचं पान उघडायला नेट नको का?

केबिनच्या पत्र्यात रेंज अडते म्हणून टपावर चढलो. ताडपत्रीवर दव पडलेलं, एका हातात दोरी, एका हातात फोन. ज्या बाजूला चार दांड्या त्या बाजूला नेट नाही, ज्या बाजूला एक दांडी तिथे कॉल लागून दोन सेकंदांत तुटतो. दांड्या म्हणजे फक्त टॉवरचा आवाज तुमच्यापर्यंत पोचतोय एवढंच. तुमचा आवाज टॉवरपर्यंत पोचतो का, त्या टॉवरच्या मागची लाइन चालू आहे का, हे त्या दांड्या सांगत नाहीत. मग दाखवता कशाला?

आणि माझ्या बिलाचं सोडा. ट्रेलरच्या ड्रायव्हरच्या हाताला मार लागला होता, रक्त थांबत नव्हतं. 108 लावून लावून चार-पाच जण थकले. शेवटी एक मोटारसायकलवाला पोर अंधारात खाली पोफळीपर्यंत गेला, तिथून फोन लागला. पोर नसतं तर?

बरोबर बाराला दोन गोष्टी संपल्या. बिलाची मुदत आणि माझा त्या दिवसाचा 2 जीबी डेटा. पैसे आधी भरलेले, वापरू दिला नाही, आणि बाराला काढून घेतला. दिवसा नेट नीट चाललं आणि डेटा संपला तर मात्र लगेच 64 केबीपीएसवर आणून ठेवतात, त्यात उशीर होत नाही. 28 दिवसांचा महिना यांचाच. वर्षाला 13 रिचार्ज. ट्रायने, म्हणजे या कंपन्यांवरच्या सरकारी नियामकाने, 2022 मध्ये सांगितलं की निदान एक तरी प्लॅन 30 दिवसांचा ठेवा, म्हणून तेवढा एक ठेवला, तो शोधून काढावा लागतो. जुलै 2024 मध्ये दर वाढवले तेव्हा वाटलं, वाढवा, पण घाटात चालू द्या. कुठं काय!

राउटरपण लावलाय मी. गाडीची लाइन 24 व्होल्टची, राउटर 12 चा, म्हणून मध्ये कन्व्हर्टर, टपावर अँटेना, सगळं धरून साडेनऊ हजार. पण टॉवरच्या मागची लाइनच मेली असेल तर अँटेना काय चाटायचा?

मुदत संपलेलं बिल घेऊन पुढं निघायचं म्हणजे काय, ते गाडी चालवणाऱ्याला विचारा. माल नऊ लाखांचा. 18 टक्क्यांनी कर 1 लाख 62 हजार. जीएसटीच्या पथकाने धरून कलम 129 लावलं तर दंड कराच्या 200 टक्के, 3 लाख 24 हजार. या खेपेचं भाडं त्याच्यापुढे चिंचोक्याएवढं. नुसत्या या विचारानं पोटात गोळा येऊन बसला होता.

सकाळी साडेसहाला रस्ता सुटला. घाटमाथ्यावर चहाच्या टपरीवाल्या मामांकडे लँडलाइनचं वायफाय होतं. त्यांनी पासवर्ड सांगितला, 7 वाजून 10 मिनिटांनी बिल वाढलं. पन्नास मिनिटं उरली होती. मामांनी चहाचे पैसेही घेतले नाहीत. मग तिथूनच कस्टमर केअर लावलं. "सर, तुमच्या भागात नेटवर्क उत्तम आहे. फोन बंद करून चालू करा." बाई, मी घाटात होतो, अकरा तास, दोन सिमवर! मग म्हणाली, "त्या साइटला रात्री वीज नव्हती." कोयनेच्या कुशीत! 1,960 मेगावॉटचा प्रकल्प डोंगराच्या पोटात, त्याचं वीजघर खाली पोफळीला, आणि वर टॉवरला वीज नाही. बॅटरी कुठाय? जनरेटरला डिझेल कुणी घालायचं, मी?

गोडाऊनला पोचलो तर सुपरवायझर म्हणतो, "रात्रभर गाडी कुठं झोपवली होतीस? ट्रॅकिंग पोफळीलाच बंद." सिमवरचं ट्रॅकिंग आहे ते. रेंज नाही तर मी दिसणार कुठून? त्याला घाटातले फोटो दाखवले, वेळेसकट. तरी उशिरापोटी भाड्यातले तीन हजार कापले. वीस वर्षं स्टिअरिंगवर आहे, माल टाकून एक रात्र झोपलो नाही, आणि मला विचारतो कुठं झोपलास.

त्यानंतर तो गुण द्या म्हणणारा मेसेज. मी 1 दिला. लगेच दुसरा आला, "आपल्या अभिप्रायाबद्दल धन्यवाद."

शुक्रवारी पुन्हा लोट्याची भरती आहे. पार्टीला फोन करून सांगितलंय, गाडी भरून गेटवर आली की मगच बिल काढा, आदल्या दिवशी काढलेलं मी घेणार नाही. मोबाइल कंपनीकडे पुन्हा तक्रार टाकली आहे, लेखी, त्या टॉवरला बॅटरी आणि डिझेल ठेवा म्हणून. या वेळी नंबर लिहून घेतलाय आणि उत्तर आल्याशिवाय बंद होऊ देणार नाही.