गरम पाणी, जास्त प्रथिनं, म्हणून जास्त मांस?

मत्स्यपालकांमध्ये एक संदेश फिरतोय. त्यात म्हटलंय: पाणी जितकं गरम आणि खाद्यात प्रथिनं जितकी जास्त, तितकं मांस लवकर भरतं, वजनकाटाच काय ते सांगतो, आणि अंडीसुद्धा उबदार पाण्यात ठेवून त्यांतून झटपट पिल्लं काढावीत. हे मानून कुणी तळं चालवलं तर मासे हकनाक मरतील, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

ऊब दिली की वाढ, हे एका मर्यादेपर्यंत खरं आहे. पाणी तापलं की माशाची भूक, पचन, सगळंच वेग घेतं. पण अटलांटिक सॅल्मनला साधारण १३-१४ अंश मानवतात, तिलापियाला २८च्या आसपास. त्यापुढे भूक मंदावते, नुसतं जगायला लागणारी ऊर्जा मात्र वाढतच जाते. त्यात प्राणवायूची अडचण. गोड्या पाण्यात २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशांना साडेसातच. पहाटे मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करतात तेव्हा त्यांना भूक लागली असं समजून खाद्य टाकणारे मी पाहिलेत. त्यांचा जीव गुदमरत असतो. अशा वेळी खाद्य बंद ठेवून एरेटर, म्हणजे पाण्यात हवा मिसळणारं यंत्र, चालू करायचं.

आणि योग्य तापमानही खाद्यावर ठरतं. ब्रेट या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी १९६९ साली सॉकआय सॅल्मनवर हे दाखवलं. पोटभर खाद्य असताना मासे १५ अंशांना सर्वांत चांगले वाढले. रोज वजनाच्या दीड टक्काच खाद्य दिलं तेव्हा ५ अंशांच्या आसपास. खाणं तुटपुंजं असेल तर गरम पाण्यात ते नुसतं जगण्यातच संपतं.

प्रथिनांचं म्हणाल तर ती साठवून ठेवता येत नाहीत. गरजेपेक्षा जास्त झालेली इंधन म्हणून जळतात आणि त्यातला नायट्रोजन अमोनिया होऊन कल्ल्यांवाटे पाण्यात येतो. पाणी जितकं गरम आणि अल्कधर्मी, तितका त्यातला विषारी हिस्सा मोठा. महागडं खाद्य घालून आपणच तळं नासवतो. प्रथिनं ज्या घटकांची (अमिनो आम्लांची) बनतात त्यांपैकी लायसिन, मेथिओनिन यांसारखं एखादं कमी पडलं तर बाकीची प्रथिनंही वाया जातात.

आता वजनकाटा. काट्यावर भरलेला मासा चिरून बघा. आतड्याभोवती पिवळट-पांढऱ्या चरबीचे थर दिसले तर खाद्याचा बराच पैसा तिथे गेलाय.

मला सर्वांत जास्त खटकतो तो अंड्यांचा सल्ला. मांस म्हणजे स्नायू, आणि स्नायू बारीक तंतूंचे बनलेले असतात. सस्तन प्राण्यांत या स्नायूतंतूंची संख्या जन्माच्या सुमारासच जवळपास ठरते, पुढे तंतू फक्त जाड होतात. मोठ्या वाढणाऱ्या माशांत मात्र जुन्या तंतूंच्या मधे नवे बारीक तंतू बराच काळ येत राहतात. किती येणार, यावर अंड्यातल्या दिवसांचीही छाप असते. अटलांटिक सॅल्मनची अंडी भ्रूणाचे डोळे दिसेपर्यंत २, ५, ८ आणि १० अंशांना ठेवून नंतर सगळे मासे सारख्याच तापमानात वाढवले गेले. मोठेपणी सर्वाधिक तंतू ५ अंशांवाल्यांत निघाले. १० अंशांची अंडी लवकर फुटली, पण त्या माशांत तंतू कमी भरले. हा आकडा सॅल्मनचा आहे, दुसऱ्या जातीला तो लावू नका. पण अंडी घाईने फोडून दोन दिवस वाचवताना त्या माशाच्या पुढच्या सगळ्या वाढीशी खेळ होऊ शकतो.